जिवाणीची कळशी

मगदुमांच्या विहिरीचं पाणी इतकं गोड, की बोरगव्हाणात मुलगी द्यायची म्हटलं की सोयरे आधी जमीनजुमला विचारत नसत. विचारत, "मगदुमांच्या विहिरीपासनं घर किती लांब?" तासगावच्या पूर्वेला, येरळा नदीच्या पलीकडच्या माळावर हे गाव. गावात आड सहा, पण सहाही मचूळ. त्या पाण्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. सातवी ही विहीर. उन्हातून आलेल्या माणसानं तिचं ओंजळभर पाणी प्यावं आणि काही न बोलता तिथंच थोडा वेळ बसून राहावं, असं ते पाणी होतं.

राजमती त्या घरात सून म्हणून आली ती सांगलीच्या खालच्या अंगाच्या, कृष्णाकाठच्या गावातून. नदीकाठची पोर माळावर दिली म्हणून तिची आई रडली होती. सासरच्या पहिल्या सकाळी सासूनं तिला बस्तीत, जैनांच्या देवळात, देवदर्शनाला न्यायच्या आधी परसातल्या विहिरीवर नेलं. सासूचं नाव सुलाबाई, पण घर आणि गाव सगळे तिला अव्वाच म्हणत. अंगानं काडीसारखी, डोळ्यानं घारीसारखी. तिनं राजमतीच्या हातात एक पितळी कळशी दिली. कळशीच्या बुडाला बाहेरून एक कडी होती, आणि दोरीला दोन आकडे.

"पाणी गाळून घ्यायचं हे माहेरी शिकवलंच असंल," अव्वा म्हणाली. "गाळण्यात जे बारीक जीव ऱ्हात्यात ते कुठं टाकत हुतीस?"

"नदीत," राजमती म्हणाली.

"हितं विहीर हाय. वरनं वतलं तर आपटून मरत्यात. म्हणून ही जिवाणीची कळशी. गाळणं गाळल्याल्या पाण्यात खळबळायचं, ते पाणी हिच्यात घ्यायचं, आन् हळूहळू सोडायची. पाण्याला टेकली की वरचा आकडा आपसूक सुटतो, मग बुडाच्या कडीनं वर वढायची. तोंड खाली होतंय. जीव अलगद पाण्यात." मग जरा थांबून म्हणाली, "ज्याचं माहेर जिथलं, त्येला तिथं पोचवून यायचं, बघ."

माहेर म्हटल्यावर राजमतीला कृष्णाकाठ आठवला. पण कळशी तिनं पहिल्याच खेपेला बरोबर सोडली. अव्वा खूश झाली. त्या दिवसापासून जिवाणीचं काम सुनेकडे आलं.

राजमतीचा नवरा धन्यकुमार, गावाचा अण्णा. त्याचे नवारीचे चार माग होते. बाजेच्या पांढऱ्या पट्ट्या विणायच्या आणि तासगावच्या बाजारात घालायच्या, एवढाच धंदा. मग लढाई पेटली. बेचाळीसच्या सुमाराला सांगलीचा एक ठेकेदार घरी आला आणि म्हणाला, पलटणीला नवार हवी, हवी तेवढी हवी, पण खाकी. चाराचे बारा माग झाले. परसात भट्टी उभी राहिली. विलायती रंग लढाईनं बंद पडलेले, म्हणून इस्लामपुराहून कोंडीबा रंगारी आणला. त्याच्या हाताची नखं जन्माची काळी होती. कोंडीबा कात उकळायचा, त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार, घालायचा, आणि शेवटी मुंबईहून डब्यातून आलेल्या नारिंगी खड्यांची पूड. मग सूत असं खाकी निघायचं की सात धुण्यांतही उतरायचं नाही.

सात धुणी घालायला पाणी लागायचं. अव्वानं भट्टीला होकार देताना एकच अट घातली होती, की रंगालासुद्धा गाळल्याशिवाय थेंब वापरायचा नाही. ती पाळली जात होती. पण फाल्गुन लागला आणि विहिरीची एकेक पायरी उघडी पडू लागली. तेराव्या पायरीवर पाणी गेलं तेव्हा बायका घागरी आपटायला लागल्या.

त्यात पुढं रंगूबाई. तिचा थोरला पलटणीत होता, त्यामुळं तिचा आवाज गावात सगळ्यांत वरचा.

"आवं अव्वा, तुमच्या नवारीची तहान भागंना व्हय? माझा पोरगा तिकडं लढाईत, आन् हितं त्येच्या आईनं मचूळ पाणी प्यावं?"

"तुझ्याच पोराच्या पट्ट्याला रंग देत्यात न्हवं?" अव्वा म्हणाली.

"पट्टा कमरंला बांधत्यात, अव्वा. पिता येत न्हाई."

बायका हसल्या. अव्वा हसली नाही. रात्री जेवताना तिनं मुलाला सांगितलं, "ही विहीर तुझ्या आज्ज्यानं गावासाठी खणली. गावातली एक घागर जरी रिकामी गेली तर तुझे माग मी बंद करीन." धन्यकुमार मान खाली घालून जेवत राहिला. माग बंद म्हणजे बारा विणकरांच्या चुली बंद, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही.

राजमती दोघांचं ऐकत वाढत राहिली. पण दुसऱ्या दिवशी तांदूळ धुताना तिचा हात थांबला. तांदळाचं तिसरं धुणं जवळजवळ नितळ असतं. ते कोण फेकतं? दुसऱ्या तांदळाचं पहिलं धुणं त्यातच काढतात. मग सुताचं सातवं धुणं का फेकायचं?

ती पदर सावरून भट्टीवर गेली आणि कोंडीबाला तसं म्हणाली. कोंडीबा भट्टीत लाकूड सारत होता.

"वैनीसाब, रंगाऱ्याला शिळं पाणी? उद्या म्हणशीला, शिळ्या भाताचा भात रांधा."

"फोडणीचा भात खात न्हाई व्हय तुमी?"

कोंडीबानं लाकूड खाली ठेवलं. सातव्या धुण्याचं पाणी ओंजळीत घेऊन उजेडाला धरलं. मग म्हणाला, "अण्णास्नी हाक मारा."

भट्टीच्या मागच्या उतारावर तीन हौद बांधले, एकाखाली एक, आतून पक्का चुना घोटून. पहिल्यात रंगाचा गाळ खाली बसे. दुसऱ्यात येरळेची वाळू आणि कोळसा. तिसऱ्यात पाणी येई ते इतकं निवळ, की तळातल्या चुन्यावरची थापीची रेघ दिसे. ते पाणी पुन्हा पहिल्या पाच धुण्यांना. विहिरीचं ताजं पाणी फक्त शेवटच्या दोन धुण्यांना. जिथं दोनशे घागरी उपसायच्या तिथं साठ पुरू लागल्या. चैत्रात विहीर तेराव्या पायरीवर होती, वैशाखातही तेराव्याच पायरीवर राहिली. गावाचे पाटील आप्पासो मुद्दाम हौद बघायला आले आणि धन्यकुमारला म्हणाले, "अण्णा, डोकं तुमचं का घरातलं?" धन्यकुमार हसला. दाराआड राजमतीच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

त्याच आठवड्यात अव्वा काठी टेकत हौदापाशी आली. तिसऱ्या हौदावर वाकून तिनं बराच वेळ बघितलं.

"राजू, ह्यात जीव पडलं."

खरंच होतं. पाण्यात बारीक वळवळ होती, भिंतीला हिरवी लव आली होती. राजमतीला उलट बरंच वाटलं. जिथं जीव जगतो ते पाणी चांगलंच म्हणायचं.

"मग ह्येबी गाळायचं," अव्वा म्हणाली. "आन् जिवाणी विहिरीत सोडायची."

"विहिरीत, अव्वा? का हौदातच?"

"अगं, पाणी कुठलं? विहिरीचं. वाट वाकडी करून हितं आलंय म्हणून काय त्येचं माहेर बदलतंय? जीव त्येच पाण्याचं. हौद आज हाय, उद्या सुकंल. मरत्याल सगळे."

त्यात चूक कुठं होती हे तेव्हा कुणाला दिसलं असतं? म्हातारीच्या बोलण्यात दया होती आणि दयेला नियमाचा आधार होता. राजमतीनं मान हलवली. सकाळी चार कळशा, दुपारी चार. हौदाचं पाणी दुहेरी गाळण्यातून काढायचं, गाळणं खळबळायचं, आणि ते पाणी जिवाणीच्या कळशीनं विहिरीत अलगद सोडायचं. उन्हाळा गेला, पावसाळा आला तो तोंड दाखवून गेला, दिवाळी झाली, पुन्हा फाल्गुन आला. कळशी एक दिवस चुकली नाही. राजमती बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा दोन महिने अव्वानं स्वतः सोडली.

पहिली हाक रंगूबाईनंच दिली. तिचा पोरगा रजेवर आला होता. पलटणीतून तो चहाची सवय घेऊन आला होता, सोबत चहाची पूडही. तिनं मगदुमांच्या पाण्याचा चहा केला आणि पातेलं घेऊन तशीच विहिरीवर आली.

"ह्ये बघा गं! चहा का शाई?"

पातेल्यात काळं पाणी होतं. बायकांनी बोटं बुडवून बघितली. कुणी म्हणालं पातेलं लोखंडी असंल, कुणी म्हणालं पूडच खोटी. रंगूबाईनं मचूळ आडाचं पाणी आणून तिथंच तीन दगडांवर दुसरा चहा केला. तो चहा चहासारखा झाला. मग सगळ्या गप्प झाल्या.

मग बाकीचं आठवायला लागलं. पंधरा दिवसांपासून पाण्याला जिभेवर खिळ्यासारखी चव येत होती. पांढरं लुगडं धुतलं की पिवळट दिसत होतं. आप्पासोंची म्हैस विहिरीवरच्या टाकीत तोंड घालून परत काढत होती. ज्यानंत्यानं मनातल्या मनात टाळलेलं, ते सगळं एका पातेल्यानं वर काढलं.

कोंडीबाला बोलावलं. त्यानं चहा बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. भट्टीवरून हिरड्याची पूड आणली. विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन चिमूटभर टाकली. पाणी बघता बघता निळसर काळं झालं.

"हिराकस," तो म्हणाला. "चहा आन् हिरडा त्यानंच काळा पडतोय. आमचंच हाय."

"हौद गळतोय तुमचा," आप्पासो म्हणाले.

तीन दिवस हौदांभोवती खणलं. माती कोरडी ठणठणीत निघाली. चुना कुठं तडकलेला नव्हता. मग गळतीचा संशय माणसांवर गेला. चौथ्या दिवशी गाव विहिरीवर जमलं आणि रंगूबाई कोंडीबाला म्हणाली, "हात कुठं धुतोस रं तू? भांडी कुठं बुचकाळतोस?"

"आईची आण, माझा हात त्या पाण्याला लागला न्हाई."

"मग काय हिराकसाला पाय फुटलं?"

राजमती तिथंच होती. दुपारच्या चार कळशांची वेळ होती, कळशी तिच्या कमरेवर होती. तिची नजर कळशीच्या गळ्याशी गेली. आतल्या बाजूला, रोज घासूनही जिथं चिंच पोचत नाही त्या खाचेत, खाकी रेघ होती. नवारीसारखीच खाकी.

"मी..." ती म्हणाली.

"राजू," मागून अव्वाचा आवाज आला. "काय उभी ऱ्हायलीस? जिवाणी खोळंबली की."

सगळ्यांनी वाट दिली. राजमतीनं दोरी लावली आणि सगळ्या गावादेखत कळशी विहिरीत सोडली. कळशी टेकली, आकडा सुटला, तोंड खाली झालं. कोंडीबा बघत होता. त्यानं एकदा कळशीकडे बघितलं, एकदा हौदाकडे, आणि डोळे मिटले.

संध्याकाळी तो बोचकं बांधून परसदारी आला.

"वैनीसाब, मला कळलं. पर माझ्या तोंडानं न्हाई निघायचं. अव्वांच्या हातचं जेवलोय. म्हातारी मरंल."

"मग मी काय करू, कोंडीबा?"

"मला विचारताय?" तो म्हणाला आणि निघून गेला. गाव म्हणालं, बघा, पळाला. राजमतीनं ते ऐकलं आणि त्यावरही ती काही बोलली नाही. ते न बोललेलं तिच्या मनात पुढं कितीतरी वर्षं खुपत राहिलं.

त्या रात्री तिनं धन्यकुमारला सांगितलं. कळशीतल्या पाण्यात हिरडा टाकून दाखवला.

"आईला कोण सांगणार?" तो म्हणाला.

"तुमी सांगा. तुमी लेक हाय."

"अगं, तिनं जन्मात मुंगीवर पाय दिला न्हाई. तिला सांगू, की तू गावाला विख पाजलंस?"

दुसऱ्या दिवशी राजमतीनंच सांगितलं. विख हा शब्द वापरला नाही. म्हणाली, "अव्वा, हौदाच्या जिवाणीसंगं रंगबी विहिरीत जातोय असं वाटतंय." अव्वा तांदूळ निवडत होती. वर बघितलंसुद्धा नाही.

"ज्यात जीव जगत्यात ते वंगाळ कसं असंल? माणसापरास ते नाजूक. ते मरत न्हाईत आन् माणसाला बाधतंय?"

हेच तर राजमतीनंही स्वतःला सांगितलं होतं.

मग तिनं एक दिवस चोरून केलं. कळशी विहिरीत न सोडता तिसऱ्या हौदातच रिकामी केली आणि कोरडी दोरी घेऊन आत आली. अव्वानं दोरी हातात घेतली, चिमटीत दाबली.

"कोरडी हाय."

राजमतीनं कळशी खाली ठेवली.

"जीव कुठं टाकलंस?"

"हौदात, अव्वा. जित्ती हायेत. चला, बघा."

अव्वा बघायला आली नाही. देवघराच्या दाराशी बसली आणि अन्नपाणी सोडलं. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी धन्यकुमार आईच्या पायाशी बसला, मग राजमतीपाशी येऊन हात जोडल्यासारखं करून म्हणाला, "सोड गं कळशी. एवढी नवारीची गाडी सांगलीला पोचू दे. मग आपण आईला सांगलीच्या पंडितांकडं नेऊ. शास्त्र जाणणारा माणूस सांगंल तरच ती ऐकंल." तिसऱ्या दिवशी म्हातारीचे ओठ पांढरे पडले. राजमतीनं कळशी उचलली.

त्या दिवसापासून तिनं जे केलं ते जाणून केलं. सकाळी चार, दुपारी चार. दोरी सोडताना ती विहिरीत बघायची नाही. कानांनी मात्र ऐकू यायचंच. कळशी टेकल्याचा आवाज, आकडा सुटल्याचा आवाज, मग तो बारीक गुळगुळ आवाज. वर उजेडात बायका रिकाम्या घागरी घेऊन निघालेल्या असायच्या. येरळेच्या वाळूत झरे खणून पाणी आणायचं म्हणजे दीड कोस. त्या जाताना म्हणायच्या, "राजाक्का, तुमची कळशी तेवढी चुकत न्हाई बगा." त्यात टोमणा नव्हता. जैनाची सून नियमाची पक्की, असं कौतुक होतं. टोमणा असता तर तिला सोसलं असतं.

कोंडीबाच्या मागं भट्टी धन्यकुमारच बघत होता; नवारीची गाडी एक पोचली, तर ठेकेदारानं दुसरी मागितली. पेट्रोल नव्हतं, सर्व्हिस मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या, त्याही आठवड्यातून दोनदा. चैत्रात जायचं ते श्रावणात गेले. अव्वा, धन्यकुमार आणि राजमती, मांडीवर तान्ही त्रिशला. चढ लागला की मोटार थांबायची, उतारू खाली उतरून ढकलायचे. अव्वा आत बसून गाळलेल्या पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरून होती.

सांगलीच्या बस्तीत पंडित पाटावर बसले होते. वयानं धन्यकुमारपेक्षा लहान, गोरटेले, बोलायला मऊ. धन्यकुमारनं सगळं सांगितलं. अव्वानं मधेच म्हटलं, "महाराज, मी नियम मोडला न्हाई." पंडितांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी एवढंच विचारलं:

"आजी, ते पाणी तुम्ही कशातून काढलं?"

"हौदातनं."

"मग जिवाणी हौदात. जिथून पाणी घेतलं तिथं. ते जीव विहिरीतले नव्हतेच. विहिरीतून आणताना तुम्ही एकदा गाळलं होतं ना? मग हे हौदातच जन्मले. त्यांचं घर तेच."

एवढंच. चार वाक्यांत संपलं. श्रावणात संपलेलं हे चैत्रात संपलं असतं, आणि गेल्या वैशाखात कुणी विचारलं असतं तर सुरूच झालं नसतं. राजमती अव्वाकडे बघत होती. म्हातारी रडली नाही. तिनं पंडितांना नमस्कार केला, उठताना तिचा तोल गेला, राजमतीनं दंड धरला.

"त्यांचं माहेर हौद हुतं," बाहेर पायऱ्यांवर ती म्हणाली. "मी त्यास्नी परक्या घरी घातलं."

गावात पोचल्यावर ती थेट आप्पासोंच्या दारात गेली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "विहीर मी नासवली. त्या रंगाऱ्याचा दोष न्हाई. सगळ्यास्नी सांगा." आप्पासो उभेच राहिले. रंगूबाई तिथंच होती. सगळ्यांना वाटलं, आता तिची जीभ सुटणार. तिनं चौकटीला टेकलेली अव्वाची काठी उचलून तिच्या हातात दिली.

कोंडीबाकडं माणूस पाठवला. तो आला नाही. निरोप आला, की हात आता कापतात, रंग जमत नाही.

गावानं विहीर उपसायचं ठरवलं. जुन्या मोटेची धाव, बैलांची उतरती वाट, होतीच. गावातल्या ज्ञानू मोटकऱ्यानं बैल जुंपले. अव्वानं उपसायला हरकत घेतली नाही. फक्त थारोळ्याशी जाऊन बसली, मोटेचं पाणी जिथं धबाधबा पडतं तिथं. हातात गाळणं.

"अव्वा, ह्ये काय?" ज्ञानू ओरडला.

"उपसून टाकशीला तर हिच्यातलं जीव मरत्याल. जेवढं जमंल तेवढं काढते."

"आवं, मोट हाय ही! घागर न्हवं!"

अव्वानं ऐकलं नाही. राजमतीनं मुलगी शेजारणीकडं दिली आणि जाऊन गाळण्याचं दुसरं टोक धरलं. मोट आली. शे-सव्वाशे शेर पाणी एकदम फुटलं आणि त्या हातभर कापडावर पडलं. दोघी भिजून निथळल्या, कापड हातातून गेलं, परत धरलं. दुसरी मोट आली. तिसरीला कापड मधोमध फाटलं. अव्वानं त्याचा मोठा तुकडा घेतला, दुहेरी केला, परत धरला. ज्ञानूनं बैल थांबवले आणि तोंड फिरवून उभा राहिला. आप्पासो म्हणाले, "चालव रं. थांबून काय हुतंय?" त्यानं बैल चालवले. दिवस मावळेपर्यंत म्हातारी तिथं होती. तिच्याजवळच्या कळशीत वीतभर पाणी जमलं, त्यात दोन-चार वळवळणारे जीव. ते तिनं राजमतीकडून तिसऱ्या हौदात सोडवले.

तिसऱ्या दिवशी तळ लागला. तळचा हातभर गाळ निघाला, सव्वा वर्षाच्या जिवाणीनं खाकी रंगलेला. तो गावाबाहेर नेऊन टाकला. तळ खरवडला, चुना टाकला. झऱ्यांनी परत पाणी धरलं, आठ दिवसांत विहीर चार पायऱ्या चढली. रंगूबाई हिरड्याची पूड घेऊन आली. सगळं गाव भोवती. विहिरीच्या पाण्याच्या तांब्यात चिमूट पडली. पाणी क्षणभर तसंच राहिलं, आणि कुणीतरी श्वास सोडला, तेवढ्यात तळातून निळसर धूर निघावा तशी काळी रेघ वर आली.

पुन्हा उपसली. पुन्हा तेच. झऱ्यांच्या कपारींतच रंग शिरून बसला होता. तिथं कुणाचा हात पोचणार?

पुढं लढाई संपली. ठेकेदार यायचा थांबला, खाकी नवार कुणाला नको झाली. माग गेले, भट्टी गेली, हौद सुकले. अव्वा म्हणाली होती तसंच झालं. बायका येरळेवर जात राहिल्या. राजमतीही जायची, सगळ्यांच्या मागून, आणि झऱ्यावर आपली पाळी शेवटी लावायची. कुणी तिला पुढं बोलावलं तरी जायची नाही.

मगदुमांची विहीर मात्र भरली. उपसा नव्हता, त्यामुळं पाणी पायऱ्या चढत चढत दुसऱ्या पायरीवर आलं. भर उन्हाळ्यात एवढं पाणी त्या विहिरीत कुणी जन्मात बघितलं नव्हतं. वरून बघितलं तर निळं, निवळ. वाटसरू थांबायचे, वाकायचे, आणि मग गावातलं कुणीतरी लांबून हात हलवायचं.

एकट्या अव्वानं ते पाणी सोडलं नाही. राजमतीनं येरळेचं पाणी आणून तिच्यापुढं ठेवलं तेव्हा तिनं तांब्या बाजूला सारला.

"ज्यानं नासवलं त्यानं प्यावं."

"अव्वा, पाया पडते."

"पड. पर पाणी विहिरीचंच दे."

धन्यकुमारनं समजावलं, आप्पासो येऊन गेले, रंगूबाई तर चक्क भांडली, "आमी तुमास्नी काय म्हणालो का, अव्वा? मग कुणासाठी करताय ह्ये?" म्हातारी म्हणाली, "तू चहा कर तुझा." आणखी तीन वर्षं ती जगली. अन्न कमी होत गेलं, पोटात दुखायचं, पण पाण्याचा शब्द मोडला नाही. राजमतीनं एकदा तांब्यात गुपचूप येरळेचं पाणी भरलं. अव्वानं एक घोट घेतला, गोड लागला, आणि तिनं तो भुईवर थुंकून सुनेकडं असं बघितलं, की राजमतीनं पुन्हा तसं केलं नाही.

म्हणून रोज सकाळी, सगळं गाव येरळेकडं निघाल्यावर, राजमती एकटी विहिरीवर यायची. दोन पायऱ्या उतरलं की हात पाण्याला पोचत होता, दोरीची गरज नव्हती. घागर भरायची. दुहेरी गाळण्यातून सावकाश गाळायची. गाळणं खळबळून ते पाणी जिवाणीच्या कळशीत घ्यायची, वाकून पाण्याला टेकवायची आणि हळूच पालथी करायची. मग गाळलेल्या पाण्याचा तांब्या भरून, पदराखाली झाकून, आत सासूला प्यायला न्यायची.